पानावरील अक्षराचें ठिकाण : जुळणीच्या नोंदवहीचें वाचन

छापलेलें पान हातीं आलें म्हणजे वाचकाचें लक्ष अक्षरांच्या अर्थाकडे जातें. तीं अक्षरें कागदावर नेमकीं कोठें उभीं आहेत इकडे जात नाहीं. हें योग्यच आहे. ज्या पानावर अक्षरांची जागाच डोळ्यांस टोंचते तें पान नीट छापलें गेलें नाहीं, असें समजावें. परंतु पान वाचणारा आणि पान तयार करणारा ह्या दोघांचीं कर्तव्यें निराळीं आहेत. अमुक ओळ कागदाच्या वरच्या कडेपासून किती अंतरावर आहे आणि अमुक शब्द डाव्या कडेपासून किती अंतरावर सुरू होतो, हें पान तयार करणाऱ्यास सांगतां आलें पाहिजे. आणि ‘सुमारें’ ह्या शब्दावर त्याला थांबतां येत नाहीं.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा किंवा मोठ्या छापखान्यांचा आहे, असें कोणी म्हणूं नये. शाळेंतील प्रशस्तिपत्राचेंच उदाहरण घ्या. त्याची वेलबुट्टीची चौकट, शीर्षक आणि नांवासाठीं ठिपक्यांची रेघ हीं सर्व छापखान्यांतून अगोदरच छापून आणलेलीं असतात. पुढें प्रसंग येतो तेव्हां त्या कोऱ्या रेघेवर विद्यार्थ्याचें नांव शाळेंतील संगणकावरून उमटवावयाचें असतें. नांव दोन-तीन मिलिमीटर खालीं उतरलें तर ठिपक्यांची रेघ त्याच्या पोटांतून जाते. उजवीकडे वाढलें तर आडनांव वेलबुट्टींत शिरतें. हा कागद पुढें कित्येक वर्षें एखाद्या घराच्या भिंतीवर राहावयाचा असतो. मुलानें वर्षभर केलेल्या श्रमाची ती खूण असते. तेथें त्याचें नांव खोडल्यासारखें दिसावें, ही लहान गोष्ट नव्हे. बरें, एकामागून एक कागद छापून, पाहून, पुन्हां सरकवून जागा शोधावी, तर जाड आणि महाग कागद फुकट जातात. कागद यंत्रांत घालण्यापूर्वींच नांवाचें ठिकाण हिशेबानें काढतां येईल काय? येईल. तो हिशेब ज्या नोंदवहींत लिहिलेला असतो ती कशी वाचावी, हेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

शिशाच्या खिळ्यांचा काळ होता तेव्हां हा हिशेब जुळाऱ्याच्या बोटांत असे. महाराष्ट्राला ह्या कलेची ओळख होऊन दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. विल्यम कॅरे ह्यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूर येथें छापलें गेलें. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतून १८१७ पासून मराठी पुस्तकें निघूं लागलीं. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाप्रेसवर पंचांग छापलें, आणि जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. ह्या परंपरेंतील जुळारी एका हातांत ओळीची पट्टी धरून दुसऱ्या हातानें खिळे बसवीत असे. शब्दांमधील जागा पोकळ नसे; तेथेंही अक्षर नसलेला, उंचीनें कमी असा शिशाचा तुकडा घालावा लागे. दोन ओळींमध्यें शिशाच्या पातळ पट्ट्या ठेवाव्या लागत. मराठींत तर मात्रा, वेलांटी, रफार वर आणि उकार खालीं. त्यांसाठीं स्वतंत्र खिळे घेऊन ते अक्षराच्या वर-खालीं बसविण्याचीही पद्धत होती. म्हणजे पानावरील रिकामी जागाही त्या काळीं वस्तु होती. ती मोजतां येई, हातांत घेतां येई. एखादी ओळ कोठें आहे हें सांगावयाचें झाल्यास तिच्यावर रचलेल्या सर्व वस्तूंच्या उंचीची बेरीज केली कीं पुरे.

संगणकावरील जुळणींत शिसें गेलें, पण ही बेरीज गेली नाहीं. तिचें उत्तम उदाहरण म्हणजे टेक् ही जुळणीची पद्धति. अमेरिकेंतील गणिती डोनल्ड कनूथ ह्यांच्या एका ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघावयाची होती. १९७७ सालीं तिचीं मुद्रितें त्यांच्या हातीं आलीं. तोंपर्यंत शिशाच्या खिळ्यांनीं होणारें काम प्रकाशचित्राच्या यंत्रानें केलें होतें, आणि त्याचें रूप त्यांस मुळींच पसंत पडलें नाहीं. तेव्हां जुळणीचें काम संगणकाकडून उत्तम रीतीनें करवून घेण्यासाठीं त्यांनीं ही पद्धति रचली. टेक् हें नांव कला आणि कौशल्य ह्या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून घेतलें आहे. १९९० नंतर तिच्यांत नव्या सोयी न घालतां केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, असा त्यांनीं निश्चय केला. त्यामुळें तिची नोंदवही वाचावयास एकदां शिकलें म्हणजे तें ज्ञान लवकर शिळें होत नाहीं.

देवनागरीसाठीं ह्या पद्धतीचा उपयोग नेदरलंड्समधील फ्रान्स व्हेल्टहाउस ह्यांनीं १९९१ च्या सुमारास सुकर केला. तेव्हां मजकूर रोमन अक्षरांत लिहून तो आधीं एका आज्ञावलींतून गाळून घ्यावा लागे. पुढें एस. आय. एल. ह्या ख्रिस्ती भाषासेवी संस्थेंतील जोनाथन क्यू ह्यांनीं २००४ सालीं झीटेक् प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून मराठी मजकूर मराठींतच लिहून जुळवितां येतो. मुंबईच्या आय. आय. टी.नें तयार केलेला शोभिका नांवाचा टंक विनामूल्य मिळतो. हीं सर्व साधनें विनामूल्य असल्यामुळें परभणी, सेलू किंवा पालम येथील शाळेच्या साध्या संगणकावरही तीं चालतात.

आतां नोंदवहीकडे वळूं. टेक् पान जुळवितें तेव्हां छापावयाच्या पानाखेरीज आणखी एक धारिका तयार करतें. तिला लॉग म्हणतात. आडतीच्या दुकानांत मुनीम जशी रोजकीर्द ठेवतो, तशीच ही. कोणती धारिका उघडली, कोणता टंक घेतला, कोठें अडचण आली आणि कोणतें पान पुरें झालें, हें तींत क्रमानें लिहिलेलें असतें. तिची भाषा इंग्रजी आणि लिपि रोमन असते. मराठी मजकूर मात्र झीटेक् मराठी अक्षरांतच नोंदवितें. सामान्यतः ह्या वहींत पानाची सविस्तर रचना नसते. ती हवी असल्यास मजकुराच्या आरंभीं ‘ट्रेसिंगआउटपुट’ ह्या आज्ञेस १ ही किंमत द्यावी आणि ‘शोबॉक्सब्रेड्थ’ व ‘शोबॉक्सडेप्थ’ ह्या दोन आज्ञांस हजारासारखी मोठी किंमत द्यावी. पहिल्या आज्ञेनें नोंद चालू होते. दुसऱ्या दोन आज्ञा ती किती लांब आणि किती खोल असावी हें ठरवितात. ह्या दोहोंची मर्यादा लहान राहिली तर आंतील मजकूर गाळून नोंद अर्ध्यावरच संपते. मग ‘कम्प्लीटेड बॉक्स बीइंग शिप्ड आउट’ ह्या शब्दांखालीं त्या पानाची संपूर्ण मांडणी मिळते.

ही मांडणी प्रथम पाहतांना मन गोंधळून जातें. परंतु तिच्यांत मुख्य गोष्टी दोनच आहेत : चौकट आणि लवचीक जागा.

टेक्‌च्या दृष्टीनें पान म्हणजे चौकटींत चौकट, तिच्या आंत आणखी चौकट, अशी रचना होय. ज्या चौकटींतील वस्तु डावीकडून उजवीकडे ओळीनें मांडलेल्या असतात ती आडवी चौकट, म्हणजे एचबॉक्स. ज्या चौकटींतील वस्तु वरून खालीं रचलेल्या असतात ती उभी चौकट, म्हणजे व्हीबॉक्स. मजकुराची प्रत्येक ओळ ही आडवी चौकट असते आणि ओळींची चळत ही उभी चौकट असते. प्रत्येक चौकटीचीं मापें तीन असतात. अक्षरें ज्या अदृश्य रेषेवर उभीं असतात तिला आधाररेषा म्हणूं. त्या रेषेच्या वर चौकट जितकी जाते ती तिची उंची. त्या रेषेखालीं जितकी उतरते ती तिची खोली. आणि तिसरी रुंदी. नोंदींत कंसामध्यें प्रथम उंची, नंतर अधिक चिन्ह, नंतर खोली आणि कंसाबाहेर रुंदी येते. हीं मापें पॉइंटांत असतात. टेक्‌चा एक इंच ७२.२७ पॉइंटांचा, म्हणून एक पॉइंट म्हणजे ०.३५१५ मिलिमीटर.

लवचीक जागा म्हणजे ग्लू. ह्या शब्दाचा अर्थ डिंक किंवा सरस असा असला तरी येथें कांहीं चिकटवावयाचें नाहीं. जुळाऱ्याच्या शिशाच्या तुकड्याचें काम ही जागा करते. भेद इतकाच कीं ही ताणतां आणि आकसतां येते. ‘३.६ अधिक १.८ उणे १.२’ अशी नोंद असेल तर स्वाभाविक जागा ३.६ पॉइंट, ताणाचें प्रमाण १.८ आणि आकसाचें प्रमाण १.२ असें समजावें. ती प्रत्यक्षांत किती ताणली गेली, हें मात्र तेथें लिहिलेलें नसतें; तें बाहेरच्या चौकटीच्या ओळींत ‘ग्लू सेट’ ह्या शब्दांपुढें मिळतें. तेथें ०.५ असल्यास आंतील प्रत्येक जागा आपल्या ताणाच्या निम्म्यानें वाढली, म्हणजे ३.६ मध्यें ०.९ मिळवून ४.५ झाली. तेथें उणे ०.५ असल्यास आकसाच्या निम्म्यानें, म्हणजे ०.६ नें घटून ती ३.० राहिली. आंकड्यापुढें ‘फिल’ असल्यास ती जागा वाटेल तितकी ताणणारी असते, आणि त्या चौकटींतील साध्या जागा आपल्या स्वाभाविक मापावरच राहतात. नवशिके बहुधा येथेंच फसतात. ते आंतील आंकडा घेतात आणि बाहेरचें प्रमाण विसरतात.

आतां प्रशस्तिपत्राच्या पानाची नोंद मराठींत मांडून पाहूं. आंकडे उदाहरणासाठीं सोपे घेतले आहेत. रीत मात्र खरी आहे.

उभी चौकट (७०३.०+०.०) × ४७०.०
. लवचीक जागा १६.०
. उभी चौकट (६८७.०+०.०) × ४५०.०, सरकविलेली २०.०
. . उभी चौकट (१२.०+०.०) × ४५०.०
. . लवचीक जागा २५.०
. . उभी चौकट (६५०.०+०.०) × ४५०.०
. . . लवचीक जागा, टॉपस्किप, ०.८
. . . आडवी चौकट (९.२+३.८) × ४५०.०
. . . लवचीक जागा १९०.०
. . . लवचीक जागा, बेसलाइनस्किप, ४.५
. . . आडवी चौकट (९.७+४.३) × ४५०.०
. . . . कर्न ८५.०
. . . . विद्यार्थ्याचें नांव

ओळीच्या आरंभींचे ठिपके हे ह्या नोंदीचें व्याकरण आहे. जितके ठिपके अधिक तितकी ती वस्तु अधिक आंत. एका ठिपक्याची वस्तु बाहेरच्या चौकटींत, दोन ठिपक्यांची वस्तु तिच्यावरील जवळच्या एका ठिपक्याच्या चौकटींत, ह्याप्रमाणें. ‘शिफ्टेड’ म्हणजे सरकविलेली. हा शब्द उभ्या चौकटींत आला तर आंतील वस्तु तितकी उजवीकडे सरकली; आडव्या चौकटींत आला तर तितकी खालीं उतरली; आंकडा उणे असेल तर दिशा उलट. कर्न म्हणजे न ताणणारी, न आकसणारी ठाम जागा.

येथें एक गोष्ट ध्यानांत येईल. नांव वरून अमुक अंतरावर आहे, असें ह्या नोंदींत कोठेंच लिहिलेलें नाहीं. मुनिमाच्या वहींतही शिल्लक प्रत्येक ओळीस लिहिलेली नसते. जमा-खर्च लिहिलेला असतो आणि शिल्लक आपण काढावयाची असते. तसेंच येथें. कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून निघून, नांवाच्या आधाररेषेपर्यंत वाटेंत लागणारी प्रत्येक उभी वस्तु मोजावयाची.

प्रारंभीं एक इंच धरावा, कारण टेक् आपलें माप कागदाच्या कडेपासून घेत नसून वरून एक इंच व डावीकडून एक इंच आंत असलेल्या बिंदूपासून घेतें. तो इंच नोंदींत कधींच दिसत नाहीं. म्हणून तो विसरला कीं सर्व उत्तर एक इंचानें चुकतें. मग बेरीज अशी : ७२.२७ मध्यें १६ मिळवून ८८.२७, शीर्षपट्टीचे १२ मिळवून १००.२७, तिच्याखालचे २५ मिळवून १२५.२७. येथें मजकुराची चौकट सुरू झाली. तिच्यांत ०.८, पहिल्या ओळीची उंची ९.२ व खोली ३.८, नंतर १९०, नंतर ४.५, आणि शेवटीं नांवाच्या ओळीची उंची ९.७. ह्या सहांची बेरीज २१८.० होते. नांवाच्या ओळीची खोली येथें धरावयाची नाहीं, कारण आपणांस आधाररेषेपर्यंतच जावयाचें आहे. एकूण ३४३.२७ पॉइंट, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. आडवें अंतर ह्याहून सोपें : ७२.२७, सरकविलेले २० आणि कर्नचे ८५ मिळून १७७.२७ पॉइंट, म्हणजे ६२.३० मिलिमीटर.

आतां छापील कोऱ्या प्रशस्तिपत्रावर फूटपट्टी ठेवावी. समजा, ठिपक्यांची रेघ वरून ११९.५ मिलिमीटरवर आहे आणि डावीकडून ६० मिलिमीटरवर सुरू होते. आडवी जागा ठीक आहे; रेघ सुरू झाल्यावर सव्वादोन मिलिमीटरांनीं नांव सुरू होईल. परंतु उभी जागा चुकली आहे. नांवाची आधाररेषा ठिपक्यांच्या सव्वा मिलिमीटर खालीं जाईल आणि रेघ अक्षरांच्या अंगांतून जाईल. नांवाची खोली ४.३ पॉइंट, म्हणजे १.५१ मिलिमीटर आहे. उकाराचें टोंक रेघेच्या अर्धा मिलिमीटर वर राहावें असें इच्छिलें, तर आधाररेषा ११९.५ मधून ०.५ आणि १.५१ वजा करून ११७.४९ मिलिमीटरवर यावयास हवी. म्हणजे ती ३.१६ मिलिमीटर, अर्थात् ९ पॉइंट वर न्यावयाची. १९० च्या जागीं १८१ लिहिलें कीं काम झालें; आणि एकही कागद खर्च झाला नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, हा हिशेब एका विद्यार्थ्याच्या नांवाचा झाला; दुसऱ्याच्या नांवाची उंची निराळी असेल, तेव्हां प्रत्येकासाठीं पुन्हां बेरीज करावी काय? नको. टेक् दोन आधाररेषांतील अंतर सारखें ठेवण्याचा यत्न करतें. आपल्या उदाहरणांत तें अंतर, मुद्दाम घातलेले १९० सोडून, १८ पॉइंट आहे. वरच्या ओळीची खोली ३.८ आणि नांवाची उंची ९.७ वजा जातां ४.५ उरतात, आणि नोंदींत बेसलाइनस्किपपुढें नेमके तेच आहेत. दुसऱ्या नांवाची उंची ८.४ असेल तर तेथें ५.८ येतील, बेरीज तीच. आधाररेषा हलत नाहीं. म्हणून एक हिशेब सर्व वर्गास पुरतो. बदलते ती खोली. तेव्हां ज्या नांवांत उकार किंवा ऋकार सर्वांत खालीं जातो, तें नांव धरूनच हिशेब करावा.

परंतु ह्या नियमास अपवाद आहे, आणि तो मराठीस विशेष लागतो. रोमन अक्षरें आधाररेषेवर उभीं असतात. आपलीं अक्षरें शिरोरेषेस लोंबकळल्यासारखीं असतात, आणि आपला डोळा ओळ पाहतो ती शिरोरेषेवरून. यंत्र मात्र आधाररेषाच जाणतें. मराठी ओळीला वर मात्रा-वेलांट्यांचा एक मजला आणि खालीं उकारांचा दुसरा मजला असतो. आपल्या जिल्ह्यांतील तालुक्यांचीं नांवेंच पाहा. ‘मानवत’ आणि ‘पालम’ ह्यांत शिरोरेषेच्या वर कांहीं नाहीं आणि अक्षराच्या खालींही कांहीं नाहीं. ‘परभणी’, ‘पाथरी’, ‘सोनपेठ’ आणि ‘गंगाखेड’ ह्यांत वरचा मजला आहे, खालचा नाहीं. ‘पूर्णा’, ‘सेलू’ आणि ‘जिंतूर’ ह्यांत दोन्हीं आहेत.

आतां हे नऊ तालुके एकाखालीं एक छापावयाचे असून दोन आधाररेषांतील अंतर १४ पॉइंट ठेवलें आहे, असें समजा. ‘पालम’ खालीं ‘मानवत’ आलें तर वरची खोली ०.२ आणि खालची उंची ८.४, मध्यें ५.४ जागा राहते. परंतु ‘पूर्णा’ खालीं ‘जिंतूर’ आलें तर वरची खोली ४.३ आणि खालची उंची १०.१ मिळून १४.४ होतात, चौदांत तीं मावत नाहींत. अशा वेळीं टेक् समान अंतराचा नियम सोडतें आणि दोन चौकटींमध्यें एक पॉइंटाची लहानशी जागा घालून मोकळें होतें. तेथील आधाररेषांतील अंतर १५.४ झालें. अर्ध्या मिलिमीटराचा हा फरक पट्टीनें मोजण्यापूर्वींच डोळ्यांस खटकतो. पण कारण उमगत नाहीं. नोंदवहींत मात्र कारण स्पष्ट लिहिलेलें असतें : इतर ठिकाणीं ‘बेसलाइनस्किप’ हा शब्द आहे आणि ह्या एका ठिकाणीं ‘लाइनस्किप १.०’ आहे. हा शब्द दिसला कीं समजावें, ओळी एकमेकींस भिडल्या आहेत. उपाय हा कीं मराठी मजकुरासाठीं ओळींतील अंतर मोकळ्या हातानें, येथें सोळा-सतरा पॉइंट, ठेवावें. इंग्रजी पुस्तकाचें माप जसेंच्या तसें मराठीस लावलें म्हणजे असे प्रसंग वारंवार येतात.

शिरोरेषा कोठें आहे, हें नोंदवही सांगत नाहीं. पण तिच्याकडून तें काढून घेतां येतें. ‘मानवत’ हा शब्द एका आडव्या चौकटींत घालून त्या चौकटीची नोंद मागवावी. त्या शब्दांत शिरोरेषेच्या वर कांहींच नसल्यामुळें चौकटीची उंची हीच शिरोरेषेच्या वरच्या कडेची उंची होय. आपल्या उदाहरणांत ती ८.४ आहे. ‘पूर्णा’ ह्या शब्दाची उंची ९.७, तेव्हां रफार शिरोरेषेच्या वर १.३ पॉइंट जातो, हेंही कळलें. टंक आणि त्याचा आकार बदलला नाहीं तोंपर्यंत हे आंकडे कायम राहतात.

आतां नोंदवहींतील त्या दोन तक्रारी पाहूं, ज्या न मागतांही येतात. ‘ओव्हरफुल एचबॉक्स, १४.२ पॉइंट टू वाइड’ अशी ओळ आली तर त्याचा अर्थ, आंतील मजकूर चौकटीच्या रुंदीहून १४.२ पॉइंट अधिक झाला आणि उजव्या कडेबाहेर तितका गेला. १४.२ पॉइंट म्हणजे जवळ जवळ पांच मिलिमीटर. आपल्या प्रशस्तिपत्रांत ठिपक्यांची रेघ ११० मिलिमीटर लांब असेल तर नांव ३१३ पॉइंट रुंदीच्या चौकटींत घालावें. मग ज्याचें नांव मावत नाहीं त्याविषयीं नोंदवही स्वतः सांगेल, आणि तेवढ्या नांवापुरतें अक्षर लहान करतां येईल. दुसरी तक्रार ‘अंडरफुल’ ही. तीत ओळ बाहेर जात नाहीं. शब्दांमधील जागा फार ताणल्या जातात. त्या ताणाला टेक् दोषांक देतें. ताणाच्या प्रमाणाचा घन करून त्यास शंभरानें गुणलें म्हणजे तो स्थूलमानानें मिळतो. प्रमाण ०.५ असतां दोषांक सुमारें १२. प्रमाण १ असतां १००. वाढत वाढत तो १०,००० वर थांबतो. त्यापुढील सर्व ओळी सारख्याच वाईट. तक्रारींत दिलेल्या ओळींचे आंकडे मात्र छापील पानावरील ओळींचे नसून आपण लिहिलेल्या मूळ धारिकेंतील ओळींचे असतात, हें विसरूं नये.

नोंदवहीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती चौकटींचीं मापें देते. परंतु चौकटींतील सुट्या अक्षरांची किंवा शब्दांची रुंदी देत नाहीं. झीटेक्‌च्या नोंदींत मराठी शब्द सबंध उमटतो, पण त्याच्यापुढें त्याचें माप नसतें. म्हणून ओळीच्या मध्यभागीं असलेल्या शब्दाचें आडवें अंतर केवळ बेरजेनें निघत नाहीं. त्यास दोन मार्ग आहेत. एक, तो शब्द आणि त्याच्यापूर्वींचे शब्द स्वतंत्र चौकटींत घालावे, म्हणजे त्यांच्या रुंदी नोंदींत येतात. दुसरा, ‘पीडीएफसेव्हपॉस’ ही आज्ञा त्या जागीं लिहावी. पान पुरें होऊन बाहेर पडतें त्या क्षणीं ती जागा नोंदली जाते, आणि पुढच्या खेपेस तिचे दोन आंकडे वापरतां येतात. ते पॉइंटांत नसून टेक्‌च्या सर्वांत लहान मापांत असतात. एका पॉइंटांत अशीं ६५,५३६ मापें असतात, आणि त्यांतील एक दृश्य प्रकाशाच्या लहरीच्या लांबीहूनही लहान असतें. आपल्या नांवाचा आडवा आंकडा १,१६,१७,५६७ असा येईल. त्यास ६५,५३६ नें भागलें कीं १७७.२७ मिळतात, म्हणजे आपली बेरीज पटली. उभा आंकडा मात्र कागदाच्या खालच्या कडेपासून मोजलेला असतो. २९७ मिलिमीटर उंच कागद ८४५.०५ पॉइंटांचा, त्यांतून ३४३.२७ वजा केले म्हणजे ५०१.७८ आले पाहिजेत.

मग बेरीज शिकावीच कशाला, असा प्रश्न येथें सुचेल. कारण हें कीं, ती आज्ञा नांव कोठें पडलें एवढेंच सांगते. तें तेथें कां पडलें आणि हलवावयाचें तर कोणता आंकडा बदलावा, हें चौकटींच्या नोंदींतूनच कळतें. वैद्यास ताप किती हें तापमापक सांगतो. तापाचें कारण त्याला स्वतः शोधावें लागतें.

शेवटीं दोन सूचना. नोंदवहींतील ओळ एकोणऐंशी अक्षरांनंतर आपोआप तोडली जाते. ती तूट पानावरील ओळीची तूट नव्हे. आणि हिशेब बरोबर असूनही नांव चुकीच्या जागीं पडलें, तर छापतांना यंत्रानें पान कागदांत मावविण्यासाठीं लहान तर केलें नाहीं ना, तें पाहावें. मूळ आकारानेंच, म्हणजे शंभर टक्के मापानें छापण्याची निवड केलेली असली पाहिजे. ह्याची परीक्षा सोपी आहे. दहा सेंटिमीटर लांबीची एक रेघ साध्या कागदावर छापून ती पट्टीनें मोजावी. ती साडेनऊ भरली तर दोष हिशेबाचा नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या सर्व विद्येस बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार ह्यांपलीकडे गणित लागत नाहीं. तें तुम्ही प्राथमिक शाळेंतच शिकलां आहां. लागतो तो धीर. नोंदवहीच्या शेंकडों ओळी पाहून बहुतेक लोक ती मिटून ठेवतात आणि अंदाजानें पान सरकवीत बसतात. जो ती उघडून ठिपके मोजतो, बाहेरच्या चौकटींतून आंतल्या चौकटींत एकेक पायरी उतरतो आणि वाटेंतील एकही जागा गाळीत नाहीं, त्याला पानावरचें कोणतेंही अक्षर सांपडतें. पुढील वार्षिक समारंभाच्या वेळीं आपल्या शाळेंतील प्रशस्तिपत्रांवरील नांवें ठिपक्यांच्या रेघेवर नीट बसलेलीं असावींत, हें काम वरच्या वर्गांतील दोन-तीन विद्यार्थ्यांनीं अंगावर घेण्यासारखें आहे. त्यासाठीं एक फूटपट्टी, एक कोरें प्रशस्तिपत्र आणि एक दुपार पुरे.